दोन नद्या, एक टाकी पेट्रोल

दसरा झाला की ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी एकच विषय रंगतो. या वर्षी कुठे? कुणी गोवा म्हणतं, कुणी गोव्याला नाक मुरडतं, मग ‘रोड ट्रिप फायनल!!’ नावाचा ग्रुप तयार होतो आणि पुढचे तीन आठवडे त्यावर नुसते गुड मॉर्निंगचे फोटो येत राहतात. मंडळी, यंदा तसं होऊ द्यायचं नसेल तर हे पान जपून ठेवा. पासपोर्ट नको, विमान नको, रजासुद्धा एकच दिवसाची टाका. छोट्या गाडीची एक टाकी फुल्ल केली की भागतं.

आधी एक भूगोल. शाळेतला आहे, पण घाबरू नका. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. यातली सावित्री कड्यावरून सरळ कोकणात उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र पूर्वेला वळते आणि पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागरात शिरते. कोयनेची तऱ्हा वेगळीच. ती आधी सह्याद्रीला समांतर नाकासमोर दक्षिणेला जाते, हेळवाकपाशी एकदम काटकोनात वळते आणि कराडला येऊन पुन्हा कृष्णेलाच भेटते. एकाच डोंगरावर जन्मलेल्या दोघी, वेगवेगळ्या वाटांनी जाऊन एका गावात भेटतात. आपली ट्रिप म्हणजे एवढंच. एकीच्या बाजूने वर जायचं, दुसरीला जरा खाली उतरून बघून यायचं आणि दोघी भेटतात तिथे जाऊन बसायचं.

पुण्याहून वाई, महाबळेश्वर, तापोळा, परत महाबळेश्वर, मेढ्यावरून सातारा, कराड आणि परत पुणे. सगळं मिळून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईकरांनी पुण्यापर्यंतचं येणं-जाणं त्यात धरावं, किंवा महाड-पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून यावं, म्हणजे सावित्रीचंही दर्शन होतं. फक्त आदल्या आठवड्यात धो धो पाऊस झाला असेल तर त्या घाटाची चौकशी केल्याशिवाय निघू नका. तिथे दरडी येतात.

आता तारखा. इथेच बहुतेक प्लॅन्स झोपतात, कारण आपण ऑफिसचं कॅलेंडर उघडतो आणि लाँग वीकएण्ड शोधतो. तुम्ही शोधलात तो बाकीच्या सगळ्यांनीही शोधलेला असतो! माझं ऐका, ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धरा, दिवाळीची गर्दी टाळा आणि शुक्रवारी रजा टाकून शुक्र-शनि-रवि करा. तोवर पाऊस माघारी निघालेला असतो, धरणं काठोकाठ असतात, डोंगर अजून हिरवे असतात आणि उतारांवर सोनकीचा पिवळा रंग शिल्लक असतो. पुण्यात ऑक्टोबर हीटने जीव नकोसा होतो, तेव्हा वर रात्री पांघरूण लागतं. परतीच्या पावसाची एखादी संध्याकाळी सर येईलच, म्हणून छत्री गाडीत असू द्या. कासच्या फुलांसाठी मात्र या तारखा उशिराच्या. ती मुख्यतः सप्टेंबरची गोष्ट, आणि त्यासाठी आधी ऑनलाइन बुकिंग लागतं. दोन्ही एकाच ट्रिपमध्ये कोंबू नका.

शुक्रवारी सकाळी सहाला निघालात तर आठ-साडेआठला वाईत मिसळ. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीला नमस्कार करा, पायऱ्यांवर थोडं टेका. जाता जाता हेही सांगते की मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच. ज्ञानाच्या कामासाठी मोठं शहर लागतं असं वाटणाऱ्यांनी हा घाट जरूर बघावा.

तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, मागे नदीवर उतरणारा घडीव घाट, समोर संथ पाणी. ‘स्वदेस’ 2004 मध्ये आला आणि तेव्हापासून निम्मी जनता इथे शाहरुखची जागा शोधते. शोधा बापडे. पण घाटावरच्या छोट्या देवळातली घंटा चुकवू नका. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि 1707 हे साल. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक. कृष्णाकाठच्या देवळात कोकणातल्या चर्चची घंटा! इथे अर्धा तास ठेवलात तर दीड तास लागेल, तेव्हा दोन ठेवा. पुढे धोम आहे, कृष्णेवरचं धरण आणि नृसिंहाचं जुनं देऊळ. मग पसरणीचा घाट चढून वर.

महाबळेश्वरबद्दल मी फार लिहीत नाही. वेण्णा लेक, घोडे, कॉर्न पॅटिस हे सगळं तुम्हाला पाठ आहे. फक्त ऑक्टोबरात ताजी स्ट्रॉबेरी मागून दुकानदाराला पेचात पाडू नका, रोपं तेव्हा शेतात नुकती लागलेली असतात. जुन्या महाबळेश्वरला जाऊन पंचगंगेचं पाणी डोळ्यांना लावा आणि सरळ तापोळ्याची वाट धरा. टाकी वरच भरा, आणि खिशात नोटा ठेवा. खाली रेंज जाते, आणि रेंज गेली की यूपीआयसुद्धा गेलं!

तापोळ्याचा रस्ता म्हणजे सव्वीस-सत्तावीस किलोमीटरचा उतार. वळणावळणाचा, अरुंद, समोरून एसटी आली तर गाडी मागे घ्यावी लागेल असा. ग्रुपमध्ये घाटात गाडी चालवणारं सगळ्यात शांत डोकं ज्याचं, त्याच्याकडे इथे चावी द्या, आणि अंधार पडायच्या आत पोचा. एका वळणावर झाडी उघडते आणि खाली शिवसागर दिसतो. गाडीतली बडबड आपोआप थांबते.

इथे ‘मिनी काश्मीर’ असा शब्द तुमच्या कानावर पडणारच. मला तो अजिबात आवडत नाही. हे जावळीचं खोरं आहे, 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून घेतलेलं. त्याला दुसऱ्याचं नाव उसनं कशाला?

आणि हे तळंही निसर्गाने केलेलं नाही. 1960च्या दशकात कोयनेवर धरण झालं आणि नदीचं अख्खं खोरं पाण्याखाली गेलं. सुमारे 105 टीएमसी पाणी मावतं यात. त्यातलं बरंचसं नदीच्या वाटेने जातही नाही. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पश्चिमेला पोफळीच्या बाजूला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणकडे जातं. बंगालच्या उपसागराकडे निघालेली नदी बरीचशी अरबी समुद्रात पोचते ती अशी. आपल्या शहरांतले लिफ्ट, एसी आणि कॉफी मशीन या विजेवरही चालत आलेत.

लाँचमध्ये बसलात की गाइड तुम्हाला संगम आणि देवळं दाखवेल. मी एकदा नाव चालवणाऱ्या दादांना विचारलं होतं, “इथे खाली काय आहे?” त्यांनी इंजिन जरा कमी केलं आणि म्हणाले, “आमच्या आज्याचं शेत हाय हितं.” पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

धरणात गेलेल्या गावांतली काही माणसं डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली. बाकीच्यांना लांबलांबच्या जिल्ह्यांत जमिनी मिळाल्या, कित्येकांना धड मिळाल्याच नाहीत. साठ वर्षं उलटून गेल्यावरही कोयना धरणग्रस्तांना डॉ. भारत पाटणकरांसोबत आंदोलनाला बसावं लागलं होतं. या खोऱ्यातले घरोघरचे पुरुष मुंबईत माथाडी कामाला गेले, ते गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. ऑक्टोबरात यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते फक्त निळं पाणी, आणि त्यावर आपल्या सेल्फी.

म्हणूनच माझा आग्रह असा, की रात्र मोठ्या हॉटेलात काढू नका. तापोळ्यात आणि आसपासच्या वाड्यांत घरगुती सोय होते. मावशींना दुपारीच फोन करून किती जण ते सांगा, म्हणजे पिठलं, भाकरी, ठेचा आणि नशीब असेल तर तळ्यातला मासा मिळेल. गाडीतले स्पीकर गाडीतच राहू द्या, पाण्यावर आवाज फार लांब जातो आणि पलीकडच्या वाडीत लोक नऊला झोपलेले असतात. बाटल्यांचं काय ते तुम्ही बघा, पण फुटलेल्या काचा काठावरच्या चिखलात रुततात आणि तिथे सकाळी अनवाणी माणसं आणि म्हशी येतात. आजोबा ओट्यावर बसले असतील तर जुनं गाव कुठे होतं ते विचारा. गप्पांसाठी स्पॉटिफाय लागणार नाही.

आणि पोहायला उतरायचं नाही. स्विमिंग टँकमध्ये तुमची कितीही लांबी होत असो. धरणाचा काठ गाळाचा असतो, दोन पावलांवर तळ संपतो, खाली जुनी झाडं आणि बांध आहेत. लाँचमध्ये लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि ‘फोटोपुरतं काढतो’ म्हणणाऱ्या मित्राला खाली बसवा. वासोट्याला जायचं असेल तर ती वेगळी ट्रिप. बामणोलीहून लाँच, वनखात्याची परवानगी, जंगलातली चढण आणि संध्याकाळच्या आत परत. शिवाय तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. हे सगळं शनिवारच्या दुपारी उरकण्यासारखं नाही.

रविवारी सकाळी परत वर येऊन केळघर घाटाने मेढ्याकडे उतरा. ही वेण्णेची बाजू, गर्दी कमी, भाताची खाचरं पिवळी पडत आलेली, खाली कण्हेरचं धरण. साताऱ्यात कंदी पेढे घ्या आणि शहराबाहेर संगम माहुलीला थांबा. इथे वेण्णा कृष्णेला मिळते. काठावर सुंदर दगडी देवळं आहेत, आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीसुद्धा समाधी आहे. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे.

तिथून कराड हायवेने तासाभरावर. प्रीतिसंगमावर बाग आहे, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, भेळेच्या गाड्या आहेत, कट्ट्यावर कॉलेजची मुलं आहेत. नद्या एरवी तिरप्या येऊन एकमेकींत मिसळतात. इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग दोघी मिळून पूर्वेला वळतात. वरून धरणाचं पाणी सोडलं असेल तर काठावरच्या सूचना ऐका, पायऱ्या झटकन बुडतात.

भेळ खाऊन तीनला निघा. चारनंतर निघालात तर खंबाटकीच्या अलीकडे रविवारची रांग तुमची वाट बघत असेल.