गंधर्वांची चाल की बुवांची?

नाट्यसंगीताने शास्त्रीय गायन बिघडविले आणि आता ते भजनही बिघडवीत आहे, अशी हाकाटी काही संगीतज्ञ मंडळी वारंवार करितात. शहापूर-मुरबाडकडील भजनी मंडळे अभंगास नाट्यपदाची चाल लावितात, हा त्यांचा पुरावा. आम्हांस तो उलट बाजूचा वाटतो.

१८८२ सालच्या 'सौभद्रा'त साकी-दिंडीचे राज्य होते. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने 'स्वयंवर' रंगभूमीवर आणिले, आणि यमन, भूप, बिहाग हे राग ख्यालाच्या डौलासह पिटातल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचले. ह्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ व अल्लादियाखाँ अशा तिघांची तालीम घेतलेल्या ह्या गवयाने मुखडा कोठे उचलावा, शब्द समेवर कसा टाकावा, ह्याची रीत घालून दिली. बुवा १९२२ साली निवर्तले. त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांनी ती पुढे 'प्रभात'च्या चित्रपटांत नेली. तरी लोक म्हणतात 'गंधर्वांची चाल'! गळ्याचे यश गळ्यास खुशाल द्यावे. रचनेचे श्रेय रचणाऱ्याचे.

ज्याने उभ्या जन्मात गाण्याची बैठक पाहिली नाही, असा म्हसा-किन्हवलीकडील शेतकरी पखवाजाच्या साथीने भूपाची फिरत घेतो. ह्यास बिघाड म्हणणाऱ्यांनी त्याला राग शिकविण्यासाठी मुरबाडची वाट आजवर कितीदा धरिली?

चालीत अभंगाचे शब्द चेंगरतात, हा आक्षेप मात्र खरा; पण तो बुवांवर लागू नाही. खाडिलकरांनी पदे चालीवर बेतून लिहिली होती. तुकोबांनी अभंग तसे लिहिलेले नाहीत, एवढे चाल निवडणाऱ्या बुवांनी ध्यानात ठेवावे.