मोरीवरचा अळू

श्रावण लागला की अळवाच्या जुडीला भाव चढतो. वड्या, फदफदं, मग ऋषीची भाजी. पान सगळ्यांना हवं असतं. नेमका याच दिवसांत अळवावर करपा उतरतो, आणि परसबागवाल्यांचे आम्हाला येणारे निम्मे प्रश्न त्याच्याविषयी असतात. त्यांतली बहुतेक झाडं मोरीच्या कडेला लावलेली निघतात.

मोरीच्या पाण्यावर अळू, ही आपली जुनी पद्धत. ती पडली तेव्हा मोरीतून तांदळाचं धुवण आणि राखेनं घासलेल्या भांड्यांचं पाणी जायचं. आज तिथून साबण आणि फरशी पुसायची रसायनं जातात. शहरात नाल्याच्या पाण्यावर पोसलेल्या भाजीबद्दल आपण नाकं मुरडतो, घरामागच्या मोरीचं मात्र कौतुक करतो. अळवाला ओल लागते हे खरं, पण ती स्वच्छ पाण्याची हवी. त्याला शेणखताचा, निचऱ्याचा स्वतंत्र वाफा द्या. दोन कंदांत दीड-दोन फूट अंतर ठेवा. दाटीतलं पान दुपारपर्यंत ओलं राहतं आणि करप्याला तेवढंच पुरतं.

करपा ओळखायला सोपा आहे. पानावर आधी पाण्यानं भिजल्यासारखा गोल डाग येतो, तो वलयावलयांनी वाढतो आणि कडेला पिवळसर-तांबूस थेंब साचतात. सकाळी लवकर गेलात तर पांढरी लव दिसेल. करप्याला कारण असलेल्या फायटोफ्थोराचे बीजाणू पाण्यात पोहतात. एका डागावरून उडालेले पावसाचे थेंब शेजारचं पान धरतात. अळवावरचं पाणी ठरत नाही म्हणतात, पण ते घरंगळताना काय घेऊन जातं, हे म्हणीत नाही. सामोआत 1993 साली हा रोग शिरला आणि बघता बघता तिथलं अळवाचं निर्यातीचं पीक बसलं.

यावर सर्रास ताम्रयुक्त औषध सुचवलं जातं. कंदासाठी लावलेल्या पिकाची गोष्ट वेगळी. आपण पानच खातो, तेही कापणीच्या हंगामात. आमचं मत स्पष्ट आहे: परसातल्या अळवावर फवारणी नको. डाग दिसताच पान देठासकट काढून वाफ्यापासून लांब पुरा. पाणी बुंध्याशी, आणि तेही सकाळी.

रोपवाटिकावाल्यांना एक वेगळी विनंती. शोभेचे अलोकेशिया हल्ली ‘मोठा अळू’ म्हणून खपवले जातात. वाढलेल्या झाडाचं पान उलटून बघा: खाण्याच्या अळवाचा देठ खाचेच्या टोकाला नसतो, तिथून बोट-दोन बोटं आत, पानाच्या पाठीला जोडलेला असतो. ही खूण चुकली की घशाची खाज चिंच-आमसुलानंही आवरत नाही. एका वर्षी आमच्याच वाफ्यात वडीच्या काळ्या देठाच्या कंदांत भाजीच्या पांढऱ्या देठाचे मिसळले होते. पानं गुंडाळायला बसल्यावर घरातून जे ऐकावं लागलं ते इथे छापत नाही. नवी लावण करणाऱ्यांनी दापोली कृषी विद्यापीठाची ‘कोकण हरितपर्णी’ ही पानासाठीची जात जरूर लावून पाहावी.

बाकीच्यांनी या आठवड्यात एवढंच करावं: शेजारची झाडं करपली तरी ज्यांची पानं टिकली आहेत, त्यांच्या देठाला सुतळी बांधून ठेवावी. पुढच्या लावणीला कंद फक्त त्यांचेच घ्या.