'अनब्रेकेबल' म्हणजे बेस्टच?

चष्म्याच्या दुकानात हल्ली एकच शब्द कानावर पडतो, 'अनब्रेकेबल'! म्हणजे पॉलिकार्बोनेट. हलकी काच, सहजी फुटत नाही, यूव्ही किरणंही अडवते. बाइक चालवणाऱ्यांनी, बॅडमिंटन खेळणाऱ्यांनी ती बिनधास्त घ्यावी. पण दिवसभर लेक्चर, लायब्ररी आणि लॅपटॉप एवढंच असेल तर?

तेव्हा बघायचा 'ॲबे नंबर'. तो जितका कमी, तितकी काचेच्या कडेतून बघताना रंगांची झालर दिसण्याची शक्यता जास्त. साध्या प्लास्टिकचा, म्हणजे सीआर-३९चा ॲबे साधारण ५८, पॉलिकार्बोनेटचा जेमतेम ३०! नंबर कमी असेल तर हा फरक फारसा जाणवत नाही. पण मग जास्त पैसे तरी का मोजायचे? त्यापेक्षा सीआर-३९ घेऊन उरलेले पैसे चांगल्या अँटिग्लेअर कोटिंगवर घाला. नंबर मोठा असेल तर १.६० इंडेक्सची काच विचारा. ती पातळ असते आणि ॲबेही ४०च्या आसपास. मजबुती आणि स्पष्टता दोन्ही हवं असेल तर ट्रायव्हेक्स आहे, फक्त खिशाला जड.

फ्रेम निवडायला आपण तासभर आरशासमोर उभे राहतो. मग ज्यातून जग बघायचं, त्या काचेचं मटेरियल बिलावर लिहून मागायला कसली लाज?