गावाचा आराखडा शिवारात ठरावा, ग्रामसभेत मंजूर व्हावा

प्रति,
मा. मंत्री महोदय,
ग्रामविकास व पंचायत राज विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : ग्रामपंचायत विकास आराखड्यातील जलसंधारण व पाणीपुरवठ्याची कामे स्थानिक माहितीच्या आधारे आणि ग्रामसभेच्या पूर्वसंमतीनेच ठरविण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे अवर्षणप्रवण भागातील शेतकरी, मेंढपाळ, शेतमजूर, ऊसतोड कामगार आणि बचत गटांतील महिला हे निवेदन सादर करीत आहोत. बंधारे, पाझर तलाव आणि नळयोजनांसाठी शासन निधी देते, याची आम्हाला जाणीव आहे. मात्र काम कोठे घ्यायचे हे ठरवताना त्या शिवारात जन्म काढलेल्या माणसांना विचारले जात नाही. अंदाजपत्रक आधी तयार होते आणि ग्रामसभेचा ठराव नंतर, कागद पुरा करण्यासाठी जोडला जातो. हा क्रम बदलावा, ही आमची मुख्य मागणी आहे.

ही मागणी कायद्याला धरूनच आहे. २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. अनुच्छेद २४३छ आणि अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांनी पंचायतींच्या नियोजनाचा पाया घातला. चौदाव्या वित्त आयोगापासून निधी थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला आणि राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम सुरू झाला. अधिकार आले, निधीही आला; पण नियोजनात गावाचे म्हणणे अजून आलेले नाही.

ओढ्याच्या कोणत्या वळणाला मुरूम आहे आणि कोठे कठीण खडक लागतो, हे विहिरी खोदणाऱ्यांना ठाऊक असते. बंधाऱ्याचा पाया खडकापर्यंत गेला नाही, तर पाणी भिंतीखालून निघून जाते आणि खर्च वाया जातो. वैशाखातही कोणत्या डोहात पाणी टिकते, हे मेंढपाळ सांगू शकतो. कोणती विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते, हे डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईइतके कोणालाच माहीत नसते. अभियंत्याच्या ज्ञानाची गरज आम्ही नाकारत नाही. त्या ज्ञानाला या माहितीची जोड मिळावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

नियोजनाची वेळ हीदेखील मोठी अडचण आहे. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. त्या दिवसांत ओढे वाहत असतात, विहिरी भरलेल्या असतात आणि टंचाई कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. पुढे आराखडा पक्का होत असतो तेव्हा ऊसतोड कुटुंबे कोयता घेऊन गाव सोडून गेलेली असतात. म्हणजे ज्यांना टंचाईची सर्वाधिक झळ बसते, त्यांच्याविनाच पाण्याचे नियोजन होते.

लोकांच्या हाती नियोजन दिले तर काय घडते, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. पांझरा, मोसम आणि आरम नद्यांवरील फड पद्धतीत पाण्याच्या पाळ्या व पिकांची फेरपालट शेतकरीच ठरवीत आले. पाटकरी आणि जागले यांचा मोबदलाही तेच देत. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर ठरवला : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही त्यात हक्क मिळाला. हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिके ठरवली जातात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे अभ्यासगट विषय समजून घेतात आणि ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय करते. या ठिकाणी नियम लोकांनी स्वतः केले, म्हणून ते पाळलेही गेले.

यास्तव आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. आराखड्यापूर्वी प्रत्येक गावात दोन शिवारफेऱ्या सक्तीच्या कराव्यात : एक एप्रिल-मे महिन्यांत, दुसरी पावसाळ्यात. तांत्रिक अधिकारी, शेतकरी, मेंढपाळ, महिला आणि भूमिहीन कुटुंबांचे प्रतिनिधी यांनी त्या एकत्र कराव्यात. ऊसतोड कामगार गावी परतलेले असताना उन्हाळी फेरी व्हावी.

२. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये लोकजैवविविधता नोंदवही केली जाते, त्या धर्तीवर प्रत्येक ग्रामपंचायतीत ‘शिवार व पाणी नोंदवही’ ठेवावी. झरे, विहिरी, ओढे, पुराच्या खुणा आणि गायरान यांची माहिती तीत लिहून ती दरवर्षी ग्रामसभेत वाचली जावी.

३. कामाच्या जागेबाबत ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय तांत्रिक मान्यता देऊ नये. जागा बदलायची असल्यास नव्याने ठराव घ्यावा.

४. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेत विकास आराखडा मंजूर करू नये. त्याआधी प्रत्येक वाडी-वस्तीवर बैठक घ्यावी.

५. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या सभेचे इतिवृत्त आराखड्याला जोडावे आणि अमान्य सूचनांची कारणे लेखी द्यावीत. नळयोजनेचा उद्भव महिलांच्या संमतीनेच निश्चित करावा.

६. अंदाजपत्रक सोप्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. अंतिम देयकापूर्वी ग्रामस्थांच्या समितीने कामाची पाहणी करून अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा.

७. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी संबंधित गावांना नियमित कळवाव्यात, म्हणजे पाण्याचा ताळेबंद मांडता येईल.

८. कामाबरोबरच देखभालीसाठी स्वतंत्र तरतूद करावी. गाळ काढणे आणि दुरुस्ती यांचे अधिकार ग्रामसभेच्या समितीला द्यावेत.

या मागण्यांसोबत आम्ही आमची जबाबदारीही स्वीकारतो. शिवारफेरीसाठी आम्ही वेळ देऊ, नोंदवहीसाठी माहिती गोळा करू आणि देखभालीसाठी श्रमदान करू. ग्रामसभेने ठरवलेले पाणीवापराचे व पिकांचे नियम आम्ही स्वतःपासून लागू करू, मग ते कोणाच्या सोयीचे असोत वा नसोत.

तरी येत्या २ ऑक्टोबरपूर्वी यासंबंधी शासनाचे परिपत्रक निघावे आणि त्याचा मसुदा ठरवताना आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावा, ही नम्र विनंती. पहिली शिवारफेरी आयोजित करण्यास आमची गावे तयार आहेत.

आपले विश्वासू,
अवर्षणप्रवण भागातील ग्रामसभांचे सदस्य व समस्त ग्रामस्थ

सोबत : ग्रामसभांचे ठराव व सह्यांची यादी.

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
१. मा. जिल्हाधिकारी
२. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद
३. मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती