न ठरलेला परवलीचा शब्द

हाताखालचें काम परक्या ठिकाणीं करावयास घेतलें म्हणजे तें नवेंच होऊन बसतें, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांना असेल. घरीं सहज पुरणपोळ्या करणारी गृहिणी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरांत गेली, कीं मिठाची बरणी शोधण्यांतच तिचा अर्धा वेळ जातो. तिचा हात कांहीं बिघडलेला नसतो; घर निराळें असतें. संगणकशास्त्र शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींवर असा प्रसंग हटकून येतो तो अनोळखी सर्व्हरवर पहिला डेटाबेस बसवितांना. रात्रीं एक-दोन वाजेपर्यंत मुलगा पडद्यापुढें डोकें धरून बसलेला आईबापांना दिसतो. पण नेमकें अडलें कोठें हें त्यांस उमगत नाहीं, आणि पुष्कळदां त्यालाहि उमगलेलें नसतें. म्हणून या महिन्यांत याच विषयाचा थोडा ऊहापोह करण्याचें योजिलें आहे.

डेटाबेस म्हणजे माहिती शिस्तीनें सांभाळणारा कारभारी. शाळेंतील मुलांचे गुण, दुकानांतील माल, पेढीवरील खातीं हें सर्व त्याच्या स्वाधीन असतें. मागितलें तेवढेंच, व ज्याला अधिकार असेल त्यालाच, तो देतो. सर्व्हर म्हणजे हा कारभारी जेथें अहोरात्र राबतो तो संगणक. तो बहुधा दूर कोठें तरी असतो आणि त्याच्याशीं सर्व व्यवहार आज्ञा लिहूनच करावा लागतो. उदाहरणादाखल पोस्टग्रेस हा डेटाबेस घेऊं. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखालीं अमेरिकेंत बर्कले येथील विद्यापीठांत १९८६ सालीं हें काम सुरू झालें. त्यापूर्वींच्या त्यांच्या डेटाबेसचें नांव इंग्रेस, म्हणून त्याच्या मागून आलेला तो पोस्टग्रेस. १९९६ मध्यें त्याचें पोस्टग्रेस्क्यूएल असें नामकरण झालें. तो विनामूल्य मिळतो, यामुळें विद्यार्थ्यांना तो विशेष सोयीचा आहे.

आतां नवशिक्याची अडचण पाहूं. घरच्या विंडोज संगणकावर त्यानें पोस्टग्रेस बसविलेला असतो. तेथें बसवितांना एक खिडकी उघडते आणि मुख्य वापरकर्त्यासाठीं परवलीचा शब्द ठरविण्यास सांगते. पुढें तोच शब्द दिला कीं दार उघडतें. हीच रीत मनांत धरून तो उबुंटू प्रणालीच्या सर्व्हरवर जातो. तेथें एका ओळीच्या आज्ञेनें सर्व सामग्री बसते. कोणी कांहीं विचारीत नाहीं. तो हर्षभरित होऊन आंत शिरूं पाहतो, तों ‘ओळख पटली नाहीं’ असें उत्तर येतें. दुसऱ्या वाटेनें जावें तर परवलीचा शब्द मागितला जातो. तो घरचा शब्द देऊन पाहतो, सर्व्हरचा देऊन पाहतो, कोरी ओळहि पाठवितो, सर्व व्यर्थ. त्याला वाटतें, आपण शब्द विसरलों. वस्तुतः येथें विसरण्यासारखा शब्दच नसतो. तो कोणीं ठरविलेलाच नाहीं!

यांतील मर्म असें आहे. उबुंटूवर पोस्टग्रेस बसतांना ‘पोस्टग्रेस’ याच नांवाचा एक वापरकर्ता त्या संगणकावर निर्माण होतो. त्या यंत्रावरूनच कोणी डेटाबेसकडे आला, तर डेटाबेस त्याला कांहीं न विचारतां संगणकाच्या मूळ प्रणालीला विचारतो, “हा कोण?” प्रणालीनें सांगितलेलें नांव व येणाऱ्यानें सांगितलेलें नांव एक असलें तरच प्रवेश. जुन्या वाड्यांत देवडीवरच्या माणसानें ओळख दिली कीं आंत कोणी अधिक चौकशी करीत नसे, तसाच हा प्रकार होय. तेव्हां उपाय सरळ आहे: अधिकाराच्या आज्ञेनें क्षणभर ‘पोस्टग्रेस’ होऊन आंत जावें, स्वतःच्या कामासाठीं निराळा वापरकर्ता निर्माण करावा, त्याला परवलीचा शब्द द्यावा, आणि त्याच्या मालकीचा डेटाबेस तयार करून बाहेर पडावें. सारें काम पांच मिनिटांचें आहे.

परंतु मध्यरात्रीं त्रासलेल्या मनाला ही वाट सुचत नाहीं. कोणी तरी सांगतें, “नियमांच्या फाइलींत ‘ट्रस्ट’ हा शब्द लिही, म्हणजे अडचण मिटेल.” अडचण खरोखरच मिटते, कारण त्या नियमाखालीं जो येईल त्याला, तो सांगेल त्या नांवानें, शब्द न विचारतां आंत घेतलें जातें. त्यांतच बाहेरून येणाऱ्या सर्वांसाठीं दार मोकळें केलें, तर पहारा असून नसून सारखाच. याचा परिणाम किती घोर होतो हें जानेवारी २०१७ मध्यें दिसून आलें. मोंगोडीबी या दुसऱ्या एका डेटाबेसचे हजारों संग्रह परवलीच्या शब्दाविना इंटरनेटवर उघडे पडलेले होते. लुटारूंनीं ते हुडकून आंतील माहिती पुसून टाकली, आणि तिच्या जागीं खंडणीची चिठ्ठी ठेवली. पुष्कळ ठिकाणीं त्यांनीं माहितीची प्रतहि घेतली नव्हती, त्यामुळें खंडणी भरूनहि हातीं कांहीं लागण्यासारखें नव्हतें. त्या माहितींत कोणाचे पत्ते, कोणाचे हिशेब, कोणाचीं दुखणीं असूं शकतात याचा विचार करावा. सर्व्हर विद्यार्थ्याचा असला, तरी माहिती बहुधा दुसऱ्या कोणाची असते.

म्हणून अडलेल्या वेळीं सुटण्याची घाई न करतां, अडलें कोठें हें प्रथम पाहावें. दुरून डेटाबेसला हांक मारली असतां साधारणतः तीन प्रकारचीं उत्तरें येतात. पहिलें, नुसतें मौन: बराच वेळ वाट पाहूनहि कांहीं येत नाहीं. तेव्हां वाटेवरच्या पहाऱ्यानें, म्हणजे फायरवॉलनें, हांक गिळली असण्याचा संभव फार. दुसरें, तत्काळ नकार: यंत्रापर्यंत पोंचलों, पण त्या दाराशीं ऐकणारें कोणी नाहीं. डेटाबेस चालू झालेला नसेल, किंवा तो फक्त घरच्यांचेंच ऐकत असेल. पोस्टग्रेस मूळ मांडणींत ५४३२ क्रमांकाच्या दारावर स्वतःच्या यंत्रापुरताच ऐकतो. तिसरें, ओळख न पटल्याचें उत्तर: येथें वाट व दार दोन्ही ठीक आहेत, केवळ नांवाचा वा शब्दाचा घोळ आहे. हीं तीन उत्तरें निरनिराळीं ओळखतां आलीं, कीं निम्मी रात्र वांचते. अधिक खुलासा हवा असल्यास डेटाबेसची स्वतःची नोंदवही असते, ती वाचावी.

दुसरी गोष्ट जुन्या सूचनांची. सूचना कोणत्या प्रणालीच्या व कोणत्या आवृत्तीच्या आहेत हें पाहिल्यावांचून त्यांवर विसंबूं नये. उबुंटूवर पोस्टग्रेस बसतांच आपोआप चालूं लागतो. रेड हॅटच्या कुळांतील सर्व्हरवर त्याची आरंभींची मांडणी व प्रारंभ दोन्ही स्वहस्तें करावीं लागतात. २०२२ सालीं निघालेल्या १५ व्या आवृत्तीपासून, साध्या वापरकर्त्याला सार्वजनिक दालनांत कोष्टकें मांडण्याची पूर्वींची मुभा राहिलेली नाहीं. त्यामुळें त्यापूर्वींचे पाठ अक्षरशः गिरविणारा तेथें अडतो. मायएसक्यूएलची गोष्ट तर कौटुंबिकच आहे. फिनलंडच्या मायकेल विडेनियस यांनीं त्याला आपल्या ‘मी’ या मुलीचें नांव दिलें. पुढें २००९ मध्यें त्यापासूनच फुटलेल्या शाखेला धाकट्या मारियाचें. कांहीं प्रणालींवर मोठीला हांक मारावी तों धाकटी पुढें येते, आणि बहिणींचे स्वभाव पुष्कळसे जुळले तरी सर्वस्वीं जुळत नाहींत.

शेवटीं दोन शब्द व्यवहाराचे. नवशिक्यानें उशाशीं एक वही ठेवावी. दिलेली प्रत्येक आज्ञा व आलेलें उत्तर तींत उतरून घ्यावें. नियमांची फाइल बदलण्यापूर्वीं तिची प्रत काढून ठेवावी. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आईबापांनींहि, “एवढें शिकून हें येत नाहीं?” असें म्हणूं नये. त्यापेक्षां, “उत्तर काय आलें तें मोठ्यानें वाचून दाखव पाहूं,” असें म्हणावें. त्यांतलें कांहीं आपल्याला कळलें नाहीं तरी चालेल. मोठ्यानें वाचतांना पुष्कळदां वाचणाऱ्यालाच तें प्रथम नीट ऐकूं येतें. एवढ्यानेंहि न उलगडल्यास दिवा मालवून निजावें. डेटाबेस सकाळींहि तेथेंच असतो. थकलेल्या हातानें उघडें ठेवलेलें दार मात्र सकाळपर्यंत कोणाची वाट पाहत नाहीं.