आधी पाय टेकणं बंद करा, मग बाइक घ्या

परवा ऑफिसात जेवताना पुन्हा तोच विषय निघाला. एकाला ऑफ-रोडिंग सुरू करायचंय, कोणती बाइक घेऊ? मग तासभर सस्पेन्शन, ग्राउंड क्लिअरन्स, सीटची उंची, बूट कुठले, हेल्मेटवर कॅमेरा कुठे चिकटवायचा... सगळं झालं. चालवायचं कसं, हे काही निघालं नाही. मी म्हटलं, "आधी एक जुनी सायकल घे आणि विटेवर चढवून दाखव." सगळे हसले. म्हणून हा लेख. टेबलावर मला कुणी दोन मिनिटांच्या वर बोलू देत नाही, इथे कोण अडवणार?

आधी स्वतःची लाज सांगतो, म्हणजे तुम्हाला मोकळेपणाने शिव्या देता येतील.

सापगाव हे माझं आजोळ. आसनगावला लोकलमधून उतरायचं, शहापूर गाठायचं आणि मुरबाडच्या रस्त्याला लागायचं, की भातसा नदीवरचा पूल येतो, तिथेच. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, भात कापून झाल्यावर, आम्ही चार जण बाइक घेऊन तिथे थडकलो. मोकळी खाचरं, कडेला वरकस जमीन, पलीकडे नदीतले गोटे. म्हटलं, यापेक्षा चांगला ट्रॅक तो काय! पहिल्याच बांधावर मी गाडी जोरात घातली. पुढचं चाक चढलं, मागचं फिरलं, मी घाबरून पाय टेकला. दीडशे किलोच्या गाडीपुढे पायाची काय बिशाद? गाडी, मी आणि शेजारच्यांचा हातभर बांध, तिघं एकदम खाली.

मामा आला, बघितलं. "बांध कुणी फोडला?"

"मामा, गाडी घसरली."

"गाडी घसरली का तू? उद्या सकाळी फावडं घेऊन ये."

रविवारचा अर्धा दिवस मी माती ओढत होतो. तेवढ्यात नववीतला मामेभाऊ त्याच बांधावरून सायकलवर आला. जुनी काळी सायकल, सीट पार खाली दाबलेली. पेडलवर उभा राहून चालण्याच्या वेगाने आला, माझ्यासमोर थांबला, पाय न टेकता जागच्या जागी सायकल डुलवत विचारता झाला, "दादा, चहा आणू?" च्यायला! माझ्या गाडीची किंमत त्याच्या सायकलीच्या शंभरपट तरी असेल.

त्याला ठाऊकही नव्हतं, पण तो करत होता ते ट्रायल्सच. दगड, ओंडके, ओढा, चढ असं अडचणीचं अंतर आखायचं आणि पाय न टेकता पार करायचं. मोटारसायकलच्या ट्रायल्समध्ये एकदा पाय टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन, आणि पडलात किंवा आखलेल्या हद्दीबाहेर गेलात की पाच. ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला. वेळेची मर्यादा असते, पण वेगाला बक्षीस नाही. गाडी सत्तर किलोच्या आसपास, आणि सीट जवळजवळ नाहीच, कारण बसायचंच नसतं. स्पेनचा टोनी बोऊ २००७ पासून या खेळाचा जगज्जेता होत आलाय. सायकलवरच्या ट्रायल्सची गोष्टही तीच. २००९ मध्ये डॅनी मॅकअस्किल नावाच्या पोराचा एडिंबराच्या कुंपणांवरून, भिंतींवरून सायकल नेतानाचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी ऑफिसच्या नेटवर चोरून बघितला होता. त्यात वेगाने डोळे दिपले, पण खरी करामत उडी मारायच्या आधीच्या त्या सेकंदभराच्या स्थिर उभं राहण्यात होती.

आता कुणी म्हणेल, हे सगळं गोऱ्या लोकांचं. अहो, गणपतीत मंडळाची 'स्लो सायकल' विसरलात? शाळेच्या स्नेहसंमेलनात? शेवटी पोहोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. उपजत ट्रायल्स! आणि लायसन्स काढताना मैदानात आठाचा आकडा काढला होतात ना, पाय न टेकता? आयुष्यात एवढी एकच ट्रायल्स आपण दिलेली असते, आणि तीही एजंटने "साहेब, पटकन फिरवा" म्हणून उरकलेली. आठ काढून बाहेर आलो की त्या मैदानाशी संबंध संपला. नंतर आपण काय शिकतो? ॲक्सिलरेटर पिळायला. मंद वेगात गाडी हाताळणं म्हणजे नवशिक्याचं, बायकांचं, म्हाताऱ्यांचं काम, असा आपला समज.

माझं भांडण या समजाशी आहे. २०२२ साली देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मेली, त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. हळू चालवायला शिकल्याने ट्रकवाला तुम्हाला बघेल असं मी म्हणत नाही. पण खड्डा चुकवताना, ओल्या रेतीवर, घाटातल्या उताराच्या वळणावर जे हात-पाय लागतात ते ताशी पाच किलोमीटरवरच तयार होतात. ताशी ऐंशीवर तयारी करायला वेळच नसतो. माळशेजला दर पावसाळ्यात धावणाऱ्या आपल्या टोळ्यांतल्या किती जणांना हाफ क्लचवर, पाय न टेकता, एका पार्किंगच्या जागेत गाडी वळवता येते? विचारून बघा. मी विचारलं, आता मला त्या ग्रुपवर कुणी बोलवत नाही.

बाजाराचंही एक ऐका. १९४८ साली इंग्लंडात बुलेटने आपलं नवं मागचं सस्पेन्शन ट्रायल्सच्या मैदानात दाखवलं. पुढे जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ साली बुलेटवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल्स जिंकली. हा इतिहास खरा आहे, आणि मोठा आहे. २०१९ मध्ये आपल्याकडे 'बुलेट ट्रायल्स' आली. वजन पावणेदोनशे किलोच्या वर. बीएस-६ येता येता ती बंदही झाली. दिसायला झकास होती. पण ती घेऊन गोट्यांवर चढायला गेलेल्या नवशिक्याला नावाने काय वाचवलं असतं? नाव गाडीला असतं, कसब माणसाला.

मग सुरुवात कशी करायची? सायकल घ्या, गिअरची नसली तरी चालेल. सीट पूर्ण खाली. हेल्मेट आणि सपाट तळाचे बूट मात्र हवेतच. किंचित चढावर तोंड करून पेडलवर उभे राहा, दोन्ही पेडल एका पातळीत. जो पाय पुढे, त्या बाजूला पुढचं चाक थोडं वळवा. पेडलवर हलका दाब द्या, सायकल पुढे सरकते. दाब सोडा, चढामुळे मागे येते. या पुढे-मागेच्या झोक्यात तोल सापडतो. गुडघे सैल. नजर चाकावर नको, पाच-सहा फूट पुढे. सुरुवातीला दोन सेकंद टिकाल. मला तीन आठवडे दोनच सेकंद येत होते, बायकोने मोबाइलवर मोजणं बंद केलं. ते जमलं की जमिनीवर हात-दीड हात रुंद फळी टाकून तिच्यावरून जा, मग विटेवरून. चाक विटेला भिडायच्या क्षणी हँडल उचला, बसलेले राहू नका. रोज वीस मिनिटं पुरे.

हे झाल्यावर रोजच्या बाइकवर तेच करा. पहिला गिअर, क्लच अर्धा, मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवायचा, फूटरेस्टवर उभं राहून मोकळ्या मैदानात आठ. पुढच्या ब्रेकवर हात ठेवू नका, वळलेल्या चाकावर तो लागला की गाडी आडवी झालीच म्हणून समजा. इंजिन तापलं की थांबा, क्लच जाळून शिकण्यात शौर्य नाही.

"पण मजा कुठे आहे यात?" हा नेहमीचा प्रश्न. मजा काय असते ते मला नाही सांगता येत, वीट चढल्यावर कळते. "पण जागा कुठे आहे?" सोसायटीच्या पार्किंगमधे. दुसऱ्याचा बांध ही जागा नाही. खाचराचा बांध पाणी धरतो, तो फुटला की पावसाळ्यात भात वाहून जातं. माहुलीच्या पायथ्याचं जंगल ही पण जागा नाही, ते तानसा अभयारण्यात येतं. गावात जायचंच असेल तर जमीन कुणाची ते आधी विचारा, चहा घ्या, परवानगी घ्या, आणि नदीत उतरू नका, भातसेचं पाणी मुंबईत तुम्हीच पिता.

मामाने तो बांध मी नीट घातला नाही म्हणून पुढच्या पावसाआधी स्वतः पुन्हा घातला. मला त्याच्या खळ्यावर मात्र सायकल फिरवायची परवानगी आहे. माझा रेकॉर्ड सध्या अकरा सेकंद. मामेभावाचा मोजायला कुणाला वेळ नाही. कुणाला यायचं असेल तर पुढच्या शनिवारी सकाळी या, फळी मात्र आपली आणा, मामाकडे एकच आहे आणि ती त्याने गोठ्याच्या दाराला लावलीय.