पपई आणि पंचवीस केसेस

गेल्या रविवारी मामेबहीण जेवायला आली होती. जेवणं झाल्यावर मी पपई कापायला घेतली आणि ही एकदम हसायला लागली. म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "दादा, अमेरिकेत मेडिकलची पोरं गर्भपात करायला यावर शिकतात."

आता पपई आणि गर्भपात हे नातं आपल्याकडे आजीच्या काळापासूनचं. घरात कुणाला दिवस गेले की आधी पपई हद्दपार. पण हे प्रकरण वेगळं आहे. पपईचा आकार साधारण गर्भाशयासारखा. देठाकडचा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयाचं तोंड, आत मऊ गर आणि बिया. देठाकडून एक बारीक प्लॅस्टिकची नळी आत घालायची, तिला मोठी सिरिंज जोडायची आणि सिरिंजच्या ओढीने बिया बाहेर खेचायच्या. नळी किती आत गेली, कुठे थांबायचं, जोर जास्त झाला तर काय होतं (पपई आरपार होते) हे हाताला कळतं. आणि मुख्य म्हणजे, खऱ्या बाईला हात लावायच्या आधी कळतं.

मग ती म्हणाली, "आम्हाला कुणी पपईसुद्धा दिली नाही."

हे वाक्य आठवडाभर डोक्यातून गेलेलं नाही. म्हणून आजची वीकेंड पोस्ट त्यावर. ज्यांना 'हे आपल्याला काय करायचंय' असं वाटतंय त्यांनी जरा थांबा, तुमचाही संबंध आहे.

माझा कसा आला ते सांगतो. (बायकोला विचारून लिहितोय.) गेल्या वर्षी तिला दिवस गेले होते. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेलो, तर ठोके नव्हते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "क्युरेटिंग करून टाकू." दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं, पूर्ण भूल दिली, आत नेलं. मी बाहेर खुर्चीवर बसून ऑफिसच्या मेल वाचत होतो, म्हणजे वाचण्याचं नाटक करत होतो. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं 'डी अँड सी'. आपण लिहिलेलं वाचतो थोडंच? घरी येऊन फाईलमध्ये ठेवून दिलं.

नंतर बहिणीने कार्ड बघितलं आणि विचारलं, "सक्शन का नाही केलं?" तेव्हा पहिल्यांदा कळलं की असा काही पर्याय असतो. डी अँड सी म्हणजे धातूच्या क्युरेटने गर्भाशय आतून खरवडायचं. ही पद्धत कालबाह्य आहे, ती बंद करून सक्शन किंवा गोळ्या वापरा, असं जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षं सांगतेय. २०१२ च्या मार्गदर्शिकेत सांगितलं, २०२२ च्या मार्गदर्शिकेत पुन्हा सांगितलं. सिरिंजने करायचं ते सक्शन (एमव्हीए म्हणतात त्याला) बहुतेक वेळा जागेवर भूल देऊन होतं, बाई जागी असते, काम काही मिनिटांचं, आणि त्याला वीजसुद्धा लागत नाही.

आमच्या डॉक्टरबाई वाईट नव्हत्या. उलट खूप चांगल्या वागल्या. त्या जे शिकल्या ते त्यांनी केलं. माझं भांडण त्यांच्याशी नाही, त्यांना जे शिकवलं गेलं नाही त्याच्याशी आहे.

आणि इथे तुमचा संबंध येतो. नको असलेला गर्भ काढणं आणि आपोआप पडलेला गर्भ साफ करणं, यासाठी लागणारा हात एकच. सिरिंज तीच, नळी तीच. गर्भपात ही 'तसल्या' बायकांची गोष्ट आहे असं समजून जो विषय मेडिकल कॉलेजात कोपऱ्यात ढकलला जातो, तो विषय एक दिवस तुमच्या बायकोच्या, बहिणीच्या, वहिनीच्या डिस्चार्ज कार्डावर येतो.

तर मुद्दा असा आहे की आपल्याकडे कायदा आहे. चांगला जुना कायदा आहे. १९६४ साली शांतिलाल शहा समिती नेमली गेली, १९७१ मध्ये कायदा झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. अमेरिकेतला तो गाजलेला रो खटल्याचा निकाल १९७३ चा, म्हणजे आपण त्यांच्या आधी. २०२१ मध्ये मुदत काही गटांसाठी २४ आठवड्यांपर्यंत वाढली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही तोच अधिकार दिला. कागदावर सगळं झकास.

आता हा कायदा सांगतो की गर्भपात फक्त पात्र डॉक्टरनेच करायचा. पात्र कोण? स्त्रीरोगात पदव्युत्तर पदवी किंवा डिप्लोमा असेल तर प्रश्नच नाही. नुसतं एमबीबीएस झालेल्याला १२ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी तीन दारं आहेत. पहिलं, स्त्रीरोग विभागात सहा महिने हाऊसमनशिप. दुसरं, एखाद्या हॉस्पिटलात त्या विभागात वर्षभर काम. तिसरं, सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी २५ केसेसमध्ये मदत आणि त्यातल्या निदान ५ स्वतःच्या हाताने.

पुन्हा वाचा. तीन दारांपैकी हाताने काही केलंय का, हे फक्त तिसरं दार विचारतं. पहिली दोन नुसते महिने मोजतात!

आपल्या धंद्यात हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. रेझ्युमेवर लिहिलेलं असतं 'जावा, तीन वर्षे'. इंटरव्ह्यूला बसवलं की कळतं, साहेबांनी तीन वर्षं एक्सेल शीट भरलीय. म्हणून आपण समोर बसवून कोड लिहून घेतो. एका फालतू बँकिंग ॲपसाठी आपण एवढी काळजी घेतो, आणि बाईच्या गर्भाशयासाठी 'सहा महिने त्या वॉर्डात होता ना, मग चालेल'?

बहिणीला विचारलं, इंटर्नशिपमध्ये तुम्ही काय केलंत? म्हणाली, "फॉर्म सी भरले." फॉर्म सी म्हणजे बाईच्या संमतीचा फॉर्म. केसेस यायच्या, पण त्या रेसिडेंट लोकांना हव्या असायच्या, कारण त्यांनाही शिकायचं असायचं. इंटर्न रक्ताचे नमुने लॅबमध्ये पळवणार आणि फॉर्म भरणार. कायद्यावर लेक्चर झालं होतं. तोंडी परीक्षेत प्रश्न आला होता, तिला सगळ्या तरतुदी पाठ होत्या. सिरिंज मात्र तिने लांबूनच बघितलेली.

मग बाँडची नोकरी लागली, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिसऱ्याच आठवड्यात रात्री अकराला सासूबरोबर एक बाई आली. रिक्षाच्या सीटवर टॉवेल टाकून आणलेली, टॉवेल भिजलेला. मेडिकलच्या दुकानातून नवऱ्याने गोळ्या आणल्या होत्या, कशा घ्यायच्या ते दुकानातल्या पोराने सांगितलं होतं. गर्भ अर्धवट पडलेला, रक्त थांबत नव्हतं. करायचं काय हे बहिणीला तंतोतंत माहीत होतं. आत राहिलेलं काढायचं. फक्त ते तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. तिने सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं आणि १०८ ला फोन करून जिल्हा रुग्णालयात पाठवलं. ती बाई वाचली. बहीण म्हणते, "रस्ता खराब असता तर?" त्यावर मी काय बोलणार.

ही एकटीदुकटी बाई नव्हे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१७ साली आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की २०१५ मध्ये भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले ७३ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १५ लाख, दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झाले. आता गोळ्या उत्तम आहेत, याबद्दल वाद नाही. नीट घेतल्या तरी शंभरातल्या दोन ते पाच जणींना नंतर सक्शन लागू शकतं, एवढंच. नुसते दोन टक्के धरा. २ लाख ३० हजार बायका. एका वर्षात. यांच्यासाठी शिकलेला हात कुठे आहे? 'गोळ्या आल्या, आता कौशल्य कशाला' म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करून बघावा.

दुसरा आक्षेप ठरलेला. "सगळ्यांना शिकवलं तर मुलींचे गर्भ पाडतील." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण महाराष्ट्राने ते बघितलंय. २०१७ साली सांगली जिल्ह्यात म्हैसाळला एका होमिओपॅथी डॉक्टरच्या दवाखान्यात गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला आणि मग पुरलेले १९ गर्भ सापडले. पण नीट बघा. होमिओपॅथीच्या पदवीवर गर्भपात करायची परवानगी कायदा देतच नाही. एमबीबीएसवाल्यांना न शिकवल्याने म्हैसाळ थांबलं का? लिंगनिदान हा गुन्हा आहे, त्याला १९९४ चा वेगळा कायदा आहे, तो कडक लावा, माझा पूर्ण पाठिंबा. पण आठव्या-नवव्या आठवड्यात आलेल्या बाईला सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळलेलंच नसतं. तिला जवळच्या केंद्रात लवकर मोकळं करता आलं नाही तर ती हेलपाटे घालत उशीर करते आणि शेवटी म्हैसाळसारख्याच दुकानात पोचते.

तिसरा आक्षेप, "ज्यांना मनापासून पटत नाही त्यांचं काय?" त्यांनी करू नये. अमेरिकेत १९९६ पासून स्त्रीरोगाच्या प्रत्येक रेसिडेन्सीत गर्भपाताचं प्रशिक्षण उपलब्ध ठेवणं बंधनकारक आहे. ज्याला तत्त्व म्हणून नको तो बाजूला होऊ शकतो, पण गर्भपातानंतरची गुंतागुंत हाताळायला शिकण्यातून त्याचीही सुटका नाही. २०२२ मध्ये रो निकाल फिरला आणि अनेक राज्यांत बंदी आली, तर तिथल्या रेसिडेंट लोकांना शिकायला दुसऱ्या राज्यात पाठवायची धडपड सुरू झाली. म्हणजे बघा, त्यांचा कायदा गेला तरी ते शिकवायचं कसं याची चिंता करतायत. आपला कायदा पन्नास वर्षांहून जुना आणि आपण निवांत.

अमेरिका लांब वाटत असेल तर शेजारी बघा. बांगलादेशात 'पाळी नियमित करणे' या नावाखाली १९७९ पासून सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात हेच सिरिंजचं सक्शन होतं, आणि ते प्रशिक्षित आरोग्यसेविकाही करतात. डॉक्टरच नव्हे! आपल्याकडे बिहार-झारखंडमध्ये याच सिरिंजवर नर्सना शिकवून त्यांची डॉक्टरांशी तुलना केली होती, २०११ साली ते छापून आलं. नर्सचे निकाल डॉक्टरांइतकेच सुरक्षित होते. २०१४ मध्ये कायद्यात तसा बदल करायचा मसुदाही निघाला होता. २०२१ मध्ये कायदा खरोखर बदलला तेव्हा नर्स त्यात नव्हत्या.

मला काय हवंय ते सरळ लिहितो. एक, इंटर्नशिप संपायच्या आत प्रत्येकाने आधी पपईवर किंवा मॉडेलवर आणि मग देखरेखीखाली खऱ्या केसेसवर सक्शन केलेलं असावं, लॉगबुकात सहीसकट. ज्याला तत्त्वाने नको, त्याने अर्धवट पडलेल्या गर्भाच्या केसेसवर शिकावं. दोन, पात्रतेच्या नियमात महिने मोजणं बंद करून केसेस मोजा, तिन्ही दारांना. तीन, बारा आठवड्यांच्या आत क्युरेट वापरायला शिकवणं थांबवा. चार, नर्सना शिकवा. यासाठी काही अंतराळ कार्यक्रम लागणार नाही. सिरिंज पुन्हा पुन्हा निर्जंतुक करून वापरता येते, आणि पपईचा भाव तर तुम्हाला माहीतच आहे :)

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा ते गणिताचे प्राध्यापक होते. 'तुम्ही डॉक्टर नाही, तुम्हाला काय कळतं' हे त्यांनाही ऐकावं लागलंच असणार. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, पण मला तो टोमणा मारणाऱ्यांना एवढंच सांगतो की पंचवीस आणि पाच हे आकडे समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

असो. पुढच्या वेळी लग्न ठरलेला एखादा डॉक्टर मित्र भेटला, की पॅकेज आणि पीजीची सीट विचारून झाल्यावर हेही विचारा, "सक्शन स्वतःच्या हाताने किती केलीस?" उत्तर काय येतं बघा. माझ्या बहिणीने येत्या महिन्यात रजा टाकून सरकारी प्रशिक्षणाला नाव दिलंय, तिसऱ्या दाराने. घरून निघताना मी तिला एक पपई बांधून दिली. वहिनीकडे बघून ती म्हणाली, "ही खाणार नाही मी."